तांबडी भाजी (लाल माठ) लपवून द्यावी की ताटात दाखवून? (मुलाचं वय दीड ते चार)

कुळागर
मिक्सरमधून काढलेली तांबडी भाजी वरणात कालवायची आणि "खाल्ली बघ!" म्हणायचं, ही आपलीच समजूत घालणं झालं. मुलाने ती पाहिली नाही, तिचा वास घेतला नाही, दाताखाली आली नाही. नवा पदार्थ ओळखीचा व्हायला तो ८-१०, कधी १५ वेळा समोर यावा लागतो. लपवलेली भाजी त्या मोजणीत धरायची नाही. तीनदा तोंड फिरवलं की "त्याला आवडतच नाही" असा शिक्का बसतो आणि भाजी घरातून हद्दपार.

ताटात शीत (भात) आणि वरण, म्हणजे हमखास खाल्लं जाणारं. कडेला एकच चहाचा चमचा भाजी, वर ओलं खोबरं. आग्रह नाही, शाबासकी नाही, काऊचिऊचे घासही नाहीत. आपल्या ताटात मात्र तीच भाजी हवी. २०-२५ मिनिटांनी ताट उचलायचं. पुढचं खाणं अडीच-तीन तासांनी, मध्ये फक्त पाणी. फसतं ते इथेच. ताट उचललं की अर्ध्या तासात हातात बिस्किट येतं. आणि "भाजी संपव, मग चॉकलेट" म्हटलं की भाजी ही शिक्षा, हे मूल लगेच शिकतं.

पोळोवाला
१५ वेळा वाट कुणी बघायची? हिमोग्लोबिन कमी आलेल्या मुलाच्या पोटात आज काहीतरी जायला हवं ना? सरळ पोळो (धिरडं) करा: १ वाटी तांदळाचं पीठ, पाऊण वाटी वाफवून वाटलेली तांबडी भाजी, २ चमचे खोबरं, मीठ, लागेल तसं पाणी. गुलाबी होतो, आणि मुलं रंगाला भुलतात. वर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. मोजणी नंतर करा.

साळीचं शीत
लोहाची जबाबदारी भाजीवर टाकूच नका. पालेभाजीतलं लोह शरीर फार थोडं घेतं, लिंबाने ते जरा वाढतं एवढंच. आधी दुधाच्या बाटल्या मोजा. २५० मिलीच्या तीन म्हणजे ७५० मिली. वर्षानंतर दिवसाला ५०० च्या वर दूध नको. दुधात लोह नसल्यासारखंच, वर त्यातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह अडवतं, आणि पोट भरलेलं असल्यावर जेवणार कोण?

लोहासाठी निस्तें (मासळी) बरं. तिसऱ्यांत (शिंपल्यांत) ते भरपूर असतं, पण मांस चिवट, म्हणून बारीक चिरा आणि पहिल्यांदा चिमूटभरच द्या. शिंपल्यांची ॲलर्जी असू शकते. मुडदुशी मासळी मऊ असते, तरी काटे बोटाने चाचपूनच. 'ॲनिमिया मुक्त भारत' या सरकारी योजनेत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप आहे, त्यात २० मिलिग्रॅम लोह. ही मात्रा प्रतिबंधापुरती. हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर डॉक्टर ठरवतील. औषध दुधाबरोबर देऊ नका. शी काळी झाली तर घाबरू नका.

रवी
तुम्ही भाजीवर भांडताय, पण पुष्कळदा अडतं ते चावण्यात. नवव्या-दहाव्या महिन्यापासून गुठळ्या तोंडात आल्या नाहीत, की दोन वर्षांच्या मुलालाही शिताने ओकारी येते. मिक्सर एकदम बंद करू नका. चार-पाच दिवस रवीने घोटलेली पेज, मग तितकेच दिवस काट्याने चेचलेलं शीत, मग अख्खं. उकडं शीत दोन बोटांत सहज चेचलं गेलं पाहिजे, नाहीतर आणखी शिजवा.

ओकारी आली की आवाज होतो, चेहरा लाल होतो, मूल स्वतःच सावरतं. घास अडकला तर आवाजच बंद होतो; तिथे वाट बघायची नाही, पुढे वाकवून पाठीवर जोरात थापट्या मारायच्या. अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षं पाच वर्षांखाली नकोतच.

आणि आजी हाताने भरवते म्हणून घरोघरी त्रागा होतो, तो कशाला? भरवणं वेगळं, कोंबणं वेगळं. ओठ मिटले, मान वळली की चमचा खाली. मोबाईल दाखवून भरवलं तर हे इशारे मुलाच्याही ध्यानात येत नाहीत.

कुळागर
दुधाचं मान्य, ते आधी लिहायला हवं होतं. पोळ्याबद्दलही अर्धं मान्य. फक्त भाजी वाटू नका, बारीक चिरून घाला, तुकडे दिसू देत. पानं खुडायला मुलालाच बसवा. दर दोन-तीन दिवसांनी चीर थोडी मोठी करा, शेवटी तीच भाजी पोळ्याशेजारी.

पोळोवाला
चिरलेली घातली की पोळो उलटताना फाटतो, म्हणून वाटतात लोक. वाद उगाच नाही.

कुळागर
फाटतो तो पाण्यामुळे. वाफवलेली भाजी घट्ट पिळा आणि त्याच पाण्यात पीठ भिजवा, रंगही राहील. बीड (बिडाचा तवा) नीट तापू द्या, पोळो तळहाताएवढाच घाला, आणि कडा सुटल्याशिवाय उलथणं लावू नका.