पळणं, रक्त आणि टाके

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन दोन आठवड्यांवर आलंय, तोवर पळू का, असं तुम्ही विचारलंय. ते सर्जनलाच विचारा. माझ्या अशाच ऑपरेशनआधी माझं रक्त कमी होतं म्हणून मला पळणं बंद, फक्त चालणं, असं सांगितलं होतं.

त्या रक्तावरून आठवलं. माझं हिमोग्लोबिन १४ वरून ९ वर आलं, पुण्यातल्या तळजाई टेकडीचा नेहमीचा चढ चालत चढायची वेळ आली, तरी 'पळणाऱ्यांचं असंच असतं' म्हणत मी चार महिने लोहाच्या गोळ्या खात बसलो. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ पोटात न दुखताही अशी गुपचूप रक्त गळवते, हे कोलोनोस्कोपीनंतर, म्हणजे आतड्यात कॅमेरा घालून केलेल्या तपासणीनंतर, कळलं. मूर्खपणाच होता माझा.

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी सिस्टरनी उठवलं. एका हातात सलाइनचा स्टँड, दुसऱ्या हाताने पोटाशी उशी. वॉर्डच्या दारापर्यंत बेचाळीस पावलं. मॅरेथॉनही बेचाळीसचीच, या विचाराने हसू आलं आणि टाके असे ओढले की बास! श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र देतात, त्यात फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा; त्यातला तिसरा चेंडू उचलायला मला चार दिवस लागले.

सहा आठवडे वजन उचलायचं नाही, हर्नियाची भीती असते. पुढे केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध असेल तर थंडीत बोटांना मुंग्या येतात. पहाटे टेकडीवर जाताना हातमोजे घाला, आणि फ्रिजमधलं पाणी अजिबात नको.