२०११ ची ऑटोमॅटिक, तापली की गिअर सुटतो. बॉक्स करून घेऊ की गाडी काढून टाकू?

वेण्णाकाठ (शाहूपुरी, सातारा)

नमस्कार. गाडी २०११ ची पेट्रोल सेडान. चार गिअरची, जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक. १,२८,००० किलोमीटर झालेत. पहिल्या दिवसापासून आमच्याच घरी आहे. पासिंगची पंधरा वर्षं आता संपत आलीत.

त्रास दिवाळीनंतर सुरू झाला. सकाळी गार गाडी डीवर घेतली की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धक्का बसून निघते. गावात फिरताना ठीक चालते. मेढ्याच्या रस्त्याला कण्हेर मागे पडलं की मात्र दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन एकदम ओरडतं. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर जातो, गाडी ओढत नाही, आणि मग अचानक पकडते. परवा तर घरी पोचल्यावर रिव्हर्सच घेईना. आमच्या दारात चढ आहे, गाडी उलटी चढवूनच लावावी लागते. अर्धा तास रस्त्यात उभी ठेवली, गार झाल्यावर वर गेली.

आई ८४ वर्षांची आहे. केळघरच्या अलीकडे आमचं गाव, ते सोडून यायला ती तयार नाही. मी आठवड्यातून दोनदा जाते. दोन वर्षांपूर्वी माझा डावा गुडघा बदलला, त्यामुळे क्लचची गाडी मला जमत नाही. एसटीनं गेले तर फाट्यापासून घरापर्यंत चढण आहे.

आतापर्यंत ऐकलेले आकडे असे. सर्व्हिस सेंटर: नवा गिअरबॉक्स २,१०,०००, मजुरी वेगळी, मागवायला दीड महिना. पुण्यातलं एक गॅरेज: गाडी न बघता फोनवरच ओव्हरहॉलचे ९०,०००. इथले मिस्त्री: जुन्या बाजारातला बॉक्स बसवून ४०,०००. गाडी विकायची तर चालू स्थितीत पावणेदोन लाख, आहे तशी ९०,०००.

गिअरबॉक्सचं ऑइल आजवर एकदाही बदललेलं नाही. दर सर्व्हिसिंगला मी विचारायचे, आणि दर वेळी सांगितलं जायचं की ते आयुष्यभराचं असतं.

आणखी एक सांगते. ही गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. ते जाऊन तीन वर्षं झाली. यात भावनेचा भाग किती आणि हिशेबाचा किती हे मला एकटीला वेगळं करता येत नाहीये, म्हणून इथे विचारते आहे.

कराड ५०

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पावणेदोन लाखांच्या गाडीत लाखभर घालणं मला पटत नाही. त्यात पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी आली. एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीला त्याची फी ६०० वरून ५,००० झाली, शिवाय हरित कर. बॉक्स केला तरी एसी, सस्पेन्शन, रेडिएटर पंधरा वर्षांचेच राहणार. एक झालं की दुसरं निघतं. माझ्या भावानं असंच एकेक करत दोन वर्षांत जवळजवळ गाडीच्या किमतीएवढे पैसे घातले आणि शेवटी ती विकलीच.

मिरजेचा मिस्त्री

ताई, आधी कुणालाच पैसे देऊ नका. न बघता ९०,००० सांगणाऱ्यालाही नको आणि ४०,००० सांगणाऱ्यालाही नको. मी ३४ वर्षं गिअरबॉक्सचंच काम केलं. आता हात कापतो म्हणून थांबलोय, त्यामुळं मला गिऱ्हाईक नकोय.

आत काय चालतं ते आधी समजून घ्या, म्हणजे कुणी फसवणार नाही. ऑटोमॅटिक बॉक्समधली चाकं कायम एकमेकांत अडकलेली असतात. कुठला गिअर लागायचा ते क्लच प्लेटींचे गठ्ठे ठरवतात, आणि ते गठ्ठे आवळले जातात तेलाच्या दाबानं. दाब कमी पडला की प्लेट घसरते. घसरली की तापते, तापली की तेल पातळ होतं, आणि पातळ झालं की दाब आणखी उतरतो. म्हणून तुमची गाडी गावात शहाण्यासारखी चालते आणि मेढ्याच्या रस्त्याला रडते.

गार असताना गिअर लागायला उशीर आणि तापल्यावर घसरण, हे दोन्ही एकत्र म्हटल्यावर माझा संशय आतल्या रबरी सीलांवर आहे. पंधरा वर्षांत रबर कडक होतं आणि दाब गळतो. पण नुसत्या संशयावर बॉक्स खोलायचा नसतो.

पहिल्यांदा तेल बघा. गाडी चांगली तापवा, सपाट जागेवर उभी करा, पीमध्ये, इंजिन चालू ठेवून तेल मोजायची पट्टी काढा. काही कंपन्यांत इंजिन बंद करून मोजतात, तेव्हा गाडीचं पुस्तक बघूनच करा. थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लाल असेल तर उत्तम. तपकिरी आणि जळका वास असेल तर प्लेटी जळतायत. पाचगणीला स्ट्रॉबेरीचं मिल्कशेक देतात तसं गुलाबी दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी आत शिरलंय. तसं असेल तर गाडी जागची हलवूसुद्धा नका.

मग स्कॅनर लावा. पण गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणारा पाहिजे, नुसता इंजिन वाचणारा नको. पी०७०० हा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच की बॉक्सकडं बघा. पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, घसरतंय. पी०७५० किंवा त्याच्या आसपासचा आला तर तो सोलेनॉइडचा, म्हणजे तेलाची वाट उघडझाप करणाऱ्या विजेच्या झडपेचा. नुसतं सोलेनॉइड असलं तर बऱ्याच गाड्यांत बॉक्स न उतरवता काम होतं, खर्च फार कमी येतो. बॅटरी आणि अर्थिंगही तपासून घ्या. करंट कमी पडला की कॉम्प्युटर चुकीचे गिअर टाकतो आणि लोक बॉक्स उतरवून बसतात.

त्यानंतर खालचा पॅन खोला. आत चुंबक असतं. त्यावर राखेसारखी मऊ पूड असली तर ती झिजेची, एवढ्या वर्षांत असायचीच. चमकणारे कण, तुकडे दिसले तर गाडी काढून टाका, मी स्वतः सांगतो. शेवटी दाबाचं घड्याळ लावून गार आणि गरम दोन्ही वेळा दाब मोजा.

नुसतं तेल बदलून बघू असं कुणी म्हणालं तर अपेक्षा ठेवू नका. पॅनमधून निम्म्याहून कमी तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. आणि प्लेटी आधीच झिजल्या असतील तर नवं तेल काही त्या भरून देत नाही.

तोवर मेढ्याला गाडी नेऊ नका. घसरत्या बॉक्सवर केलेला एकेक चढ प्लेटी खातो. गाडी हलवायची झाली तर उचलून, फ्लॅटबेडवर. तुमची पुढच्या चाकांवर चालणारी असणार. ती चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर इंजिन बंद, म्हणजे पंपही बंद, आणि आत तेल फिरत नाही. बरा बॉक्ससुद्धा त्यानं जातो.

विश्रामबाग (सांगली)

४०,००० च्या जुन्या बॉक्सबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण त्यावर तुमचं मन जाईल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आलं. आमच्या ओळखीच्या कितीतरी लोकांच्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या गाड्या विम्यावाल्यांकडून भंगारात गेल्या आणि त्यांचे भाग सुटे होऊन बाजारात आले. मी २०२० मध्ये माझ्या ऑटोमॅटिकला असाच एक बॉक्स घेतला. बाहेरून धुऊन पुसून लख्ख, एक महिन्याची गॅरंटी. चौथ्या महिन्यात तिसरा गिअर गेला. खोलल्यावर प्लेटींवरचं अस्तर सालीसारखं सुटून आलेलं. ते अस्तर कागदासारख्या वस्तूचं असतं, लोखंडी पत्र्यावर चिकटवलेलं. पाणी प्यायलं की सुटतं. बॉक्सला श्वास घ्यायला वर नळी असते, पुराचं पाणी तिच्यातून आत जातं.

विकणाऱ्याला ते माहीत होतं की नाही, देव जाणे. पण बॉक्स कुठल्या गाडीचा, किती चाललेली, कशामुळे मोडीत निघाली, हे कागदावर मिळत नसेल तर हात लावू नका.

यवतेश्वर

गाडी बदलायचं ठरलं तर एक सांगतो. आपल्याकडे २०१४ पासून ज्या स्वस्त ऑटोमॅटिक आल्या त्या एएमटी. त्यात क्लच साध्या गाडीचाच असतो, फक्त दाबायचं काम यंत्र करतं. दुरुस्ती सोपी, खर्च कमी. पण माझ्याकडची यवतेश्वरच्या घाटात चढावर थांबली की सुटताना मागे येते, हँडब्रेक लावूनच काढावी लागते. सगळ्याच तशा नसतील, नव्यांत चढावर धरून ठेवायची सोय असते. तुमच्या दारात चढ आहे म्हणालात, तर घेण्याआधी तिथेच चढवून बघा, तेही उलटी.

वेण्णाकाठ (शाहूपुरी, सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

मिस्त्रीकाका, तुम्ही सांगितलं तसं एकेक केलं. तेल काळ्या चहासारखं निघालं, वास करपलेल्या कढईचा. स्कॅनरवर पी०७०० आणि पी०७३०, सोलेनॉइडचा एकही नाही. बॅटरी चांगली. पॅन खोलताना मी समोर उभी होते. चुंबकावर राखाडी लेप होता, बोटांत चोळला तर मऊ लागला, तुकडे नव्हते. एमआयडीसीतल्या एका गॅरेजकडे दाबाचं घड्याळ मिळालं. गार असताना दाब पुस्तकातल्या मर्यादेत, आणि अर्धा तास फिरवून आणल्यावर एवढा खाली की त्या मुलानं घड्याळ बदलून पुन्हा मोजला.

मग गाडी वर उचलून खालचा पत्रा बघितला. कुठे गंजलेला नाही. इंजिनचं कॉम्प्रेशन ठीक आहे.

कराडचे दादा, तुमचा हिशेब मी वहीत मांडला आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसले. आहे तशी विकली तर ९०,००० हातात येतील. त्यात दुरुस्तीला धरलेले ७०-७५ हजार मिळवले तर एक लाख ६५ हजारांत मला काय मिळतं, हे बघायला साताऱ्यात आणि कोरेगावात चार गाड्या बघून आले. चारही ऑटोमॅटिक, दहा-बारा वर्षांच्या. चौघांनाही विचारलं की गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं. कुणालाही सांगता आलं नाही. म्हणजे तेवढेच पैसे देऊन मी दुसऱ्याच्या घरचं हेच दुखणं विकत आणणार, आणि ते कुठवर आलंय हे मला माहीतही नसणार. या गाडीचं निदान तरी हातात आहे.

नवी घ्यायची म्हटली तर पेन्शनमधून हप्ता जाईल. तो मला नकोय.

कराड ५०

हे पटलं. मी गाडीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च एवढंच समोरासमोर ठेवलं होतं, त्याच पैशांत दुसरं काय येतं ते बघितलंच नाही. तरी एक ऐका. आकडा आधी ठरवा आणि गॅरेजला लिहून द्या, त्याच्या पुढे गेलं तर काम थांबवायचं. उघडल्यावर आकडे वाढतात, आणि उघडलेली गाडी उचलून परत आणता येत नाही.

मिरजेचा मिस्त्री

दाबाचा आकडा बघून खात्री झाली, सीलच आहेत. करून घ्या. पण नुसते सील नकोत. बॉक्स उतरवल्यावर प्लेटी, सील, फिल्टर सगळं एकदमच. टॉर्क कन्व्हर्टर उघडून साफ करून घ्या, त्यात जुनी पूड साठलेली असते. तेल थंड करणाऱ्या नळ्या आणि रेडिएटरमधला कूलर धुवून घ्यायचा, नाहीतर तीच घाण नव्या प्लेटींवर येते. हे बरेच जण करत नाहीत आणि सहा महिन्यांत बॉक्स परत येतो. तेल पुस्तकात लिहिलंय त्याच प्रतीचं घाला, "सगळ्याला चालतं" म्हणून दिलेलं नको. जुने भाग परत मागून घ्या. गॅरंटी महिने आणि किलोमीटर, दोन्हींत लिहून घ्या.

मिरजेत करणार असाल तर कळवा. बॉक्स उघडतील त्या दिवशी मी येऊन उभा राहीन.

वेण्णाकाठ (शाहूपुरी, सातारा)

गाडी काल परत आली.

फ्लॅटबेडवर पेठनाक्यावरून आष्ट्यामार्गे मिरजेला नेली होती, त्याचे ६,५००. काम २६ दिवस चाललं. बिल ७४,०००. मी ८०,००० ची मर्यादा लिहून दिली होती. सहा महिने किंवा १०,००० किलोमीटरची गॅरंटी, शिक्क्यासकट. काका खरंच आले. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत स्टुलावर बसून होते, जेवायलाही उठले नाहीत.

जुन्या प्लेटी पोत्यात घालून मिळाल्या. रिव्हर्सच्या गठ्ठ्यातल्या दोन प्लेटींवर अस्तर राहिलेलंच नव्हतं, उघडं लोखंड. सील काकांनी माझ्या हातात दिला आणि वाकवायला सांगितला. काडीसारखा मोडला.

आज सकाळी मेढ्याला जाऊन आले. डीवर घेतल्याबरोबर गाडी निघाली. कण्हेरच्या पुढे मी मुद्दाम काट्याकडे बघत होते, अडीच हजारांच्या वर गेला नाही. आईनं ओट्यावरूनच विचारलं, आवाज का नाही आला आज? येताना आमच्या दारातला चढ उलटी, तापलेल्या गाडीनं, एका दमात चढली. गाडी बंद करून थोडा वेळ आतच बसले. ह्यांना रिव्हर्स लावताना खिडकीतून डोकं बाहेर काढायची सवय होती, ते आठवलं.

काका, हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर पुन्हा बदलायचं असं गॅरेजवाल्यांनी बिलावर लिहून दिलंय. माझं आठवड्याचं जाणं-येणं शंभर-सव्वाशे किलोमीटरचं, म्हणजे दोन-अडीच महिन्यांनी वेळ येईल. तेवढ्यासाठी मिरजेला यावं लागेल, की तेल तिथूनच मागवून एमआयडीसीतल्या त्या मुलाकडून बदलून घेतलं तर गॅरंटीला चालेल? बिलावर त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.