मदत हवी आहे : बाबांचं नैराश्य – चांगलं घडलेलं मनात टिकतच नाही

सदाफुली :
माझे बाबा ६१ वर्षांचे. गेल्या दिवाळीपासून गप्प गप्प असतात. थायरॉइड, बी-१२ सगळं तपासून झालं, नॉर्मल आहे. सायकियाट्रिस्टनी डिप्रेशनचं निदान केलंय, गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. झोप जरा सुधारलीय.

मागच्या रविवारी त्यांना आग्रह करून गच्चीवर नेलं. कुंड्यांतल्या मिरच्यांना पाणी घातलं, शेजारच्या काकांशी बोलले, हसलेसुद्धा! दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बाबा, चला ना वर." तर म्हणाले, "काय करायचंय जाऊन? तिथे काही होत नाही." जणू आदला दिवस उगवलाच नव्हता. पण महिन्यापूर्वी त्याच काकांनी "वाळलात हो" म्हटलेलं मात्र रोज आठवतात. आई नुसती शांत बसली तरी "ही माझ्यावर चिडलीय" असं त्यांना वाटतं.

ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर एवढंच म्हणाले की या आजारात मेंदूचं बक्षिसातून शिकणं मंदावतं. म्हणजे नक्की काय, कुणी समजावेल का? आणि रोज आग्रह करून न्यायचं, की त्यांना वाटेल तेव्हा जाऊ द्यायचं? आत्या म्हणते, लाड पुरे झाले, चांगलं खडसावा. मला ते अजिबात पटत नाही, पण घरात मी एकटी पडलेय.

पायवाट :
सदाफुली, मी मानसशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. औषधांचं डॉक्टरांनाच विचारा. पण गच्चीचा जो प्रसंग तुम्ही लिहिलात, तोच बक्षिसातून शिकण्यावरच्या संशोधनाच्या मुळाशी आहे.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. अचानक फळाचा रस मिळाला की डोपामाइनच्या (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) पेशी जोरात पेटत. दिवा लागला की रस मिळतो, हे माकड शिकलं की त्या पेशी रसाला नाही, दिव्याला पेटू लागत. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी मंदावत. म्हणजे हा संकेत निव्वळ सुखाचा नाही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा आहे. त्याच फरकावरून मेंदू पुढच्या खेपेचा अंदाज सुधारतो.

आता बाबांकडे बघा. गच्चीवर बरं वाटलं, ते हसणं खरंच होतं. पण "उद्याही बरं वाटेल" ही नोंद पक्की झाली नाही. मानसशास्त्रज्ञ डिएगो पिझ्झागल्ली यांच्या प्रयोगात पडद्यावरच्या चेहऱ्याचं तोंड आखूड होतं की लांब, एवढंच ओळखायचं असतं. फरक अगदी बारीक, आणि एका उत्तराला बक्षीस जास्त वेळा मिळतं. बहुतेकांचा कल नकळत त्या उत्तराकडे झुकतो. नैराश्यात तो कमी झुकतो. मात्र सगळे अभ्यास एकाच सुरात बोलत नाहीत. २०१७ च्या एका अभ्यासात, जिथे शिकण्याची गरजच नव्हती अशा खेळात, रुग्णांच्या मेंदूतला अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा संकेत इतरांसारखाच दिसला. म्हणून "मेंदू बिघडलाय" असं घरात कुणी म्हणू नका.

आईच्या चेहऱ्याचंही तसंच. नैराश्यात साधा चेहरा नाराज वाटू शकतो, टोचलेलं जास्त लक्षात राहतं. ऑक्सफर्डच्या कॅथरिन हार्मर यांच्या कामातून दिसलंय की नैराश्यावरची औषधं चेहरे वाचण्यातला हा कल आधी बदलू लागतात, मन हलकं व्हायला त्यानंतर काही आठवडे लागतात. तीन आठवड्यांत निराश होऊन गोळ्या मात्र बंद करू नका.

आता आग्रहाचं. "इच्छा झाली की जाऊ" म्हणत थांबलात तर ती इच्छा लवकर येणारच नाही, कारण इच्छा त्या नोंदीतूनच तयार होते. आधी कृती, मग इच्छा, या उलट्या क्रमावर एक उपचारपद्धतच उभी आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत संस्थेने ती वापरली. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत ती दिली. ४९५ रुग्णांच्या त्या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले आणि नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळालेल्यांत सुधारणा स्पष्ट जास्त होती. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

खडसावणं मात्र नको. ज्याच्या मनात टोचलेलंच टिकतं, त्याला आणखी एक टोचणी कशाला?

कर्दळ :
मी यातून गेलोय. बायको रोज विचारायची, "बरं वाटलं का?" मला ती परीक्षा वाटायची. नंतर आम्ही वही केली. जायच्या आधी अंदाज लिहायचा, दहापैकी किती बरं वाटेल. आल्यावर लगेच खरा आकडा. मी आधी नेहमी १ लिहायचो, आल्यावर ३ किंवा ४. तेव्हा पटायचं नाही, पण महिन्याभराने स्वतःचंच अक्षर समोर होतं, ते कसं नाकारणार? दहा मिनिटांपासून सुरुवात करा, वेळ ठरलेली ठेवा. आणि जगणं नको असं कधी बोलले तर ते हलक्यात घेऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, डॉक्टरांनाही लगेच कळवा.

सदाफुली :
दोघांचेही मनापासून आभार. पायवाटताई, तुमचा प्रतिसाद आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी बाबांसाठी चहा घेऊन स्वतः गच्चीवर आली. कर्दळदादा, आज वहीत बाबांनी आधी ० लिहिलं. आल्यावर २. मग म्हणाले, "दोन म्हणजे काही नाही." तेव्हा मी काय बोलायला हवं होतं? मी नुसतीच शेजारी बसून राहिले.

कर्दळ :
बरोबर केलंत. दोनाला दोनच राहू द्या. उद्या त्याच वेळी न्या.