मदत हवी आहे: विज्ञानकथा मेळाव्याच्या हेल्मेटमधले दिवे आपोआप विझतात

अंतराळवीराचं हेल्मेट आहे, १० मिमी ईव्हीए फोमचं. आत दोन एलईडी (मिळून साधारण ४० मिलिअँपिअर) आणि काचेवर वाफ धरू नये म्हणून ५ व्होल्टचा छोटा पंखा, वेगळ्या बटणावर. पॉवर बँक कमरेला. पंखा चालू असेपर्यंत सगळं ठीक. फोटोसाठी तो बंद केला की थोड्याच वेळात दिवेही जातात.

कारण उघड आहे. बऱ्याच पॉवर बँका ५०-१०० मिलिअँपिअरच्या खाली प्रवाह गेला की 'काही जोडलेलंच नाही' असं समजून बंद पडतात. (हुशारीच नडते!)

पॉवर बँक चालू राहावी म्हणून दिव्यांना ४७ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडला तर १०६ मिलिअँपिअर जादा जातील, म्हणजे ८ तासांत ८५० मिलिअँपिअर-तास वाया, तेवढं चालेल. पण त्यात अर्ध्या वॅटहून जास्त उष्णता होते. म्हणून १ ऐवजी २ वॅटचा घ्यावा का? हेल्मेटमध्ये नकोच, फोम मऊ पडेल. पण कमरेच्या बंद पाऊचमध्ये, पॉवर बँकेला चिकटून तरी तो सुरक्षित राहील का?

की दिव्यांना तीन एए सेल वेगळे देणंच बरं? कोणी केलं असेल तर जोडणी सांगा.