सोया मेणबत्तीला वात कुठली? ग्लास ७ सेंमी, मेण २०० ग्रॅम

घोडबंदर_मेणकाम

नमस्कार. दिवाळीच्या ऑर्डरसाठी एकच ग्लास पक्का करायचा आहे, पण वातीचं गणित बसत नाहीये. सगळी माहिती आधीच देते.

ग्लास सरळ भिंतीचा, आतला व्यास ७ सेंमी, उंची ९ सेंमी. कंटेनरसाठीचं सोया मेण १८५ ग्रॅम, मोगऱ्याचं फ्रेग्रन्स ऑइल १५ ग्रॅम. रंग हलका गुलाबी, वॅक्स क्रेयॉन किसून घातलेला. मेण ८० अंशाला वितळवून त्यातच सुगंध घालते, दोन मिनिटं ढवळते आणि ६० अंशाला ओतते.

वात कॉटनची, पत्र्याची चकती लावलेली, दुकानात २४ प्लाय म्हणून मिळालेली. ती पेटवली की पहिला तासभर ज्योत छान असते, मग बारीक होत जाते. मधे खड्डा पडतो आणि कडेला बोटभर मेण तसंच राहतं. म्हणून ३६ प्लाय लावली, तर ज्योत नाचते, टोकाला काळा गोळा धरतो, ग्लासच्या तोंडाशी काजळी येते आणि निम्म्याखाली गेल्यावर ग्लास हातात धरवत नाही.

मधली ३० प्लाय कुठे मिळेना. तीच शोधू, की वातीचा प्रकारच बदलू? आणि समईची जाड वात मेणात बुडवून चालेल का? जांभळी नाक्यावर ती ढिगाने मिळते.

वाशीकर_वात

ताई, ३० प्लायच्या मागे लागू नका. प्लाय म्हणजे वातीत धागे किती, एवढंच. धागा किती जाड आणि वीण किती घट्ट, ते त्यातून कळत नाही. एका दुकानातली २४ दुसऱ्याच्या ३० पेक्षा जास्त तापू शकते. शिवाय प्लायने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वाती पॅराफिनच्या उभ्या मेणबत्तीसाठी असतात. सोया वितळल्यावर पॅराफिनपेक्षा दाट राहतं, वातीतून हळू चढतं, म्हणून त्याला जास्त उष्णता देणारी वात लागते.

सिरीज आणि नंबर असलेलीच वात घ्या. सोयासाठी सीडी आणि इको या दोन बघा. दोन्ही चपट्या विणीच्या कॉटनच्या, कागदाचे बारीक धागे गुंफलेल्या. कागदामुळे वात ताठ राहते आणि ज्योत जास्त गरम होते. एचटीपी नावाची तिसरी सिरीजही चालते. झिंक कोअर, म्हणजे मधे जस्ताची तार असलेली वात, ताठ असते, पण ज्योत थंड, त्यामुळे शुद्ध सोयात ती बहुधा कमी पडते.

एका सिरीजचा नंबर दुसरीला लावू नका. सीडी १० आणि इको १० यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तुमच्या ७ सेंमीला सुरुवात म्हणून सीडी १२, १४, १६ किंवा इको ८, १०, १२ मागवा, प्रत्येकी पाच-सहा नग. विकणाऱ्याकडे त्याच्या मेणाचा तक्ता असेल तर त्यातला नंबर मधे धरा, एक खालचा आणि एक वरचा घ्या. तक्त्यावरून कुठून सुरुवात करायची ते कळतं. तक्ता करणाऱ्याने तुमचा मोगरा घातलेला नसतो.

आता तुमच्या लक्षणांकडे. २४ प्लायची ज्योत *पहिला तास छान* होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. वात नुसती लहान असती तर पहिल्यापासूनच ज्योत कमी राहिली असती. सुरुवातीला चांगली जळून मग मंदावते, ती वात चोंदलेली असते. संशय क्रेयॉनवर. त्यातला रंग म्हणजे पिगमेंट, मेणात न विरघळणारे कण. मेण वर चढताना ते वातीत अडकतात आणि वाट बंद होते. मेणबत्तीसाठीचा विरघळणारा डाय वापरा, २०० ग्रॅमला अगदी चिमूटभर पुरतो. गुलाबी गेलं तरी चालत असेल तर रंगच काढा. आधी क्रेयॉन बंद, मग वातीची परीक्षा. दोन्ही एकदम बदललंत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

समईची वात नको. ती तेलासाठी आहे. तेल मुळातच पातळ, त्यामुळे सैल पिळाचा कापूस पुरतो, आणि पुढे आलेलं टोक आपण हाताने सारतो, झाडतो. मेणबत्तीची चपटी वीण जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला जातं आणि तिथे हवा मिळाल्याने राख होऊन संपतं. पिळाची वात वाकत नाही. टोक ज्योतीच्या मधे उभं राहून कोळसा धरतं, आणि मेण मऊ झालं की अख्खी वात आडवी पडते. काचेला टेकली तर काच तडकू शकते.

नेरूळ_पश्चिम

वरचं सगळं बरोबर. सुगंधाचंही बघा. मोगऱ्याचं ऑइल मेणबत्तीसाठीचं आहे की अगरबत्तीचं? अगरबत्तीची सेंट बऱ्याचदा डीईपी नावाच्या पातळ करणाऱ्या द्रवात असतात. तो द्रव मेणात जाऊन वातीचं जळणं बदलतो. बाटलीवर मेणबत्तीसाठी असं लिहिलेलं नसेल तर विकणाऱ्याला फ्लॅश पॉइंट (किती तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते) आणि मेणबत्तीतलं कमाल प्रमाण विचारा. उत्तर देता आलं नाही तर ते ऑइल घेऊ नका.

तुमचं १८५ ग्रॅमला १५, म्हणजे ८ टक्के, ठीक आहे, पण तिथून १० वर गेलात तर वात पुन्हा तपासावी लागेल. व्हॅनिला, चंदन, ऊद असे जड वास वात लवकर चोंदतात, मोगरा त्यामानाने हलका. म्हणजे पाच वासांना एकच ग्लास असला तरी वात एकच लागेल असं नाही. ऑर्डर घेण्याआधी प्रत्येक वास वेगळा जाळून बघा.

घोडबंदर_मेणकाम

क्रेयॉनचं डोक्यातच आलं नव्हतं. ऑइल मेणबत्तीचंच आहे, बाटलीवर कमाल १० टक्के लिहिलंय. सीडी मागवते. आता परीक्षा नेमकी कशी करायची? आणि पहिल्याच जाळण्यात मेण कडेपर्यंत वितळलं पाहिजे ना?

वाशीकर_वात

नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात. पहिल्याच वेळी दोन तासांत कडा गाठणारी वात ग्लासच्या तळाशी गेल्यावर अंगावर येते. वरच्या भागात ज्योतीची उष्णता मोकळी निघून जाते. मेण अर्ध्यावर आलं की भिंती उंच होतात, गरम हवा आत कोंडते आणि तीच वात दीडपट तापल्यासारखी वागते. तुमच्या ३६ प्लायचा ग्लास निम्म्याखाली गेल्यावरच हातात धरवेना, त्याचं कारण हेच. वात शेवटच्या तिसऱ्या भागावरून निवडा.

परीक्षा अशी:

तीन ग्लास, तीन नंबर, बाकी सगळं सारखं. जमल्यास चौथा बिनवासाचा, मधल्या नंबरचा. ओतल्यावर निदान आठवडाभर झाकून ठेवा. सोया हळूहळू घट्ट होत जातं, दुसऱ्या दिवशी पेटवलंत तर निकाल फसवा येतो. प्रत्येक ग्लासवर नंबर आणि सुरुवातीचं वजन लिहा. वात ५-६ मिमी ठेवून कापा. चार तास जाळा, विझवा, पूर्ण थंड होऊन घट्ट होऊ द्या, वजन करा, वात पुन्हा कापा, पुन्हा चार तास. असं तळापर्यंत.

तळात १२ मिमी मेण उरलं की थांबा. त्याखाली जाळायचंच नाही.

दर वेळी चार गोष्टी टिपा: तळ्याचा (वातीभोवती वितळलेल्या मेणाचा) व्यास, तळ्याची खोली, ज्योतीची उंची, ग्लास किती गरम. पहिल्या चार तासांनंतर कडेला ३ ते ५ मिमीची कच्ची कड राहिली तर घाबरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती खाली येते आणि भिंतीवर चिकटलेलं मेण खालच्या अर्ध्या भागात वितळून साफ होतं. खोली ८ ते १२ मिमी हवी. त्यापेक्षा खोल म्हणजे वात मोठी. ज्योत २ ते ३ सेंमी चांगली, ४ च्या वर सतत राहिली तर नंबर खाली आणा. ग्लास मधोमध बोटांनी दहा सेकंद धरता आला पाहिजे. धरता येत नसेल तर सुगंध कितीही छान पसरत असला तरी ती वात बाद.

वजनातला फरक भागिले तास केला की ताशी किती मेण जळतं ते निघतं. या आकारात ४ ते ५ ग्रॅमच्या आसपास आलं तर बरोबर चाललंय समजा. तळाचं १२ मिमी, म्हणजे साधारण ४० ग्रॅम, सोडलं तर उरलेल्या १६० ग्रॅमला साडेचारने भागून ३५ तास, म्हणजे नऊएक खेपा. वेळखाऊ आहे, पण दिवाळीत पन्नास ग्लास गेल्यावर फोन घेत बसण्यापेक्षा बरं.

नौपाडा_डबलवात

पहिल्या खेपेच्या कच्च्या कडेवर थोडं वेगळं मत. कारागिराच्या दृष्टीने बरोबर आहे, पण गिऱ्हाईक एकदाच पेटवतं, अर्ध्या तासात विझवतं आणि खड्डा पडला म्हणून फोटो पाठवतं. म्हणून मी दोन नंबर पास झाले तर त्यातला वरचा घेईन, फक्त तळाशी ग्लास धरता येतोय याची खात्री करून. आणि झाकणाच्या आत चिठ्ठी: पहिल्यांदा तीन तास तरी जाळा, एका वेळी चार तासांच्या वर नको, दर वेळी वात ५ मिमी कापा.

दुसरं, पंखा. परीक्षा पंखा बंद करूनच करायची, नाहीतर आकडे जुळत नाहीत. पण आपल्याकडे घरोघरी डोक्यावर पंखा फिरतच असतो. पास झालेल्या वातीचा एक ग्लास मुद्दाम पंखा दोनवर ठेवून जाळा. ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूचं मेण आधी वितळतं आणि काजळी वाढते. थोडं चालेल, पण तेवढ्यात काच काळी व्हायला लागली तर वात काठावरची आहे, एक नंबर खाली या.

वात मधोमध नसली तरी हेच होतं, पंखा नसताना. ३-४ मिमी सरकलेली पुरते. चकती बसवताना वात चिकटवायचे उष्णता सोसणारे स्टिकर वापरा. साधा ग्लू गनचा गोंद तळ तापला की सुटतो आणि वात तळ्यात पोहायला लागते. वर आइस्क्रीमच्या दोन काड्यांमध्ये वात धरा आणि मेण पूर्ण घट्ट होईपर्यंत काढू नका.

चकतीच्या मानेची (वात धरणाऱ्या मधल्या नळीची) उंचीही विचारून घ्या. ३ मिमीच्याही मिळतात, ६ आणि ९ मिमीच्याही. ग्लाससाठी ६ किंवा ९ घ्या. वातीला मेण मानेच्या वरूनच मिळतं, म्हणून मान उंच असली की तळाला थोडं मेण असतानाच ज्योत आपोआप विझते आणि काचेचा बूड भाजत नाही. गिऱ्हाईक १२ मिमीचा नियम पाळणार नाही, ते काम चकतीने करायचं.

खारघर_सोया

लाकडी वातीचं कोणी बोललं नाही म्हणून. दिसायला छान, बारीक तडतड आवाज येतो, पण पहिल्या दिवाळीला नको. जाडी, रुंदी, लाकूड तिन्ही जुळवावी लागतात, ३-४ मिमीपेक्षा लांब ठेवली तर धूर आणि फार आखूड झाली तर पेटतच नाही.

घोडबंदर_मेणकाम

लाकडी नकोच. शेवटचं: याच सिरीजमध्ये १० सेंमीचा पसरट बाऊल करायचा असेल तर सीडीचा मोठा नंबर लावू का?

नौपाडा_डबलवात

१० सेंमीला एक मोठी वात लावलीत तर मधे खोल तळं आणि उंच ज्योत मिळेल, कड तरीही राहील. दोन लहान लावा. दोन्ही मधल्या रेषेवर, एकमेकींपासून साधारण ३.५ सेंमी, म्हणजे प्रत्येकीपासून जवळची भिंत सव्वातीन सेंमीवर राहते. नंबर ठरवताना बाऊल अर्धा-अर्धा धरा, साडेपाच-सहा सेंमीच्या ग्लासला जो लागेल तो, आणि तिथून एक खालीही बघा, कारण दोन ज्योती एकमेकींना तापवतात. वाती अडीच सेंमीच्या आत आणल्या तर ज्योती एकमेकींकडे ओढल्या जाऊन काजळी धरतात.

आणि बाऊलचं तोंड आत वळलेलं घेऊ नका. तोंड अरुंद असलं की हवा कमी पोचते, धूर आत फिरत राहतो आणि वात कुठलीही लावा, काच काळीच होते.

वाशीकर_वात

बाऊलला खेप चार तासांचीच ठेवा, पण तळं मोजताना दोन वातींच्या बरोबर मधे मोजा, सगळ्यात खोल तिथेच असतं. १२ मिमीच्या वर गेलं तर दोन्ही वातींचा नंबर एकदम उतरवा, एकीचाच उतरवला तर तळं एका बाजूला कलतं. आणि ऑर्डर ऐन दिवाळीतली आहे, तेव्हा पास झालेल्या नंबराच्या वाती एकाच खेपेत, एकाच लॉटच्या मागवून ठेवा. लॉट बदलला तर एक ग्लास तळापर्यंत पुन्हा जाळायचा.