टँकर कलंडला, पऱ्ह्यातले मासे मेले. पाणी कसं तपासू?

परवा पहाटे घाटात रसायनाचा टँकर कलंडला, सगळं आमच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, उतरलं. कोंडीत मळ्ये, खवली पोट वर करून तरंगतायत, कल्ले पांढरट पडलेत. खेकडे काठावर चढून बसलेत. आज पाणी नितळ दिसतंय, पण खालच्या वाडीची विहीर पऱ्ह्याला लागूनच आहे. घरात लिटमस कागद आहे, तेवढ्यावर भागेल?

— नितळपणावर जाऊ नका, आम्लाने पाणी उलट जास्तच नितळ होतं. लिटमस फक्त आम्ल की अल्कली एवढंच सांगेल. सामू (pH) आणि विरघळलेला ऑक्सिजन मीटरने जागेवरच मोजून घ्या, बाटलीत आकडे बदलतात. सामू ६.५ ते ८.५ हवा, ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर. सांडलं त्याच्या वरच्या अंगाचा नमुनाही घ्याच, नाहीतर तुलना कशाशी करणार? बाटल्या बर्फात ठेवा. टँकरवरच्या नारिंगी पाटीवरचा रसायन ओळखायचा चार आकडी क्रमांक प्रयोगशाळेला द्या. आणि हातमोजे घाला हो!

— विहीर आजच बंद करा. नंतर दर आठवड्याला दगड उलटून बघा. खाली चिकटलेल्या पाणकिड्यांच्या अळ्या परत दिसेपर्यंत पऱ्ह्या सावरला असं मी तरी म्हणणार नाही.

— विहिरीवर फळी टाकली. वरच्या अंगाला दगडाखाली अळ्या वळवळतायत, खालच्या अंगाला एकही नाही.