‘फिलहेलीन’ला मराठीत काय म्हणावं?

लॉर्ड बायरन या इंग्रज कवीवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि ‘फिलहेलीन’ या शब्दापाशी अडलेय. शब्द मूळचा ग्रीक. ‘फिलोस’ म्हणजे स्नेही, आणि ‘हेलेन’ हे ग्रीकांचं स्वतःचं नाव (ट्रॉयच्या हेलनचा इथे संबंध नाही). प्राचीन इराणच्या पार्थियन राजांच्या नाण्यांवरही ही पदवी आढळते. आधी ‘यवनप्रेमी’ सुचलं, कारण प्राचीन भारतात ग्रीकांना यवन म्हणत. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्या यवनांचे लेख आहेत, म्हणजे शब्द आपल्याकडे जुना आहे. पण बखरींपासून मराठीत यवन म्हणजे मुसलमान. ग्रीकांच्या स्वातंत्र्यासाठी तुर्कांशी लढायला गेलेल्या बायरनला यवनप्रेमी म्हटलं तर अर्थ पार उलटा होईल! ‘ग्रीकप्रेमी’ चालेल का?

— चूक नाही, पण फार ढिला वाटतो. प्रेम तर लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताचंही होतं. त्याच्या माणसांनी अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरची शिल्पं उतरवली, वजन कमी व्हावं म्हणून शिल्पपट्टाच्या दगडांच्या पाठी करवतीने कापल्या. १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने ती ३५,००० पौंडांना विकत घेतली. बायरनने याच एल्गिनवर कवितेतून आसूड ओढले. पुढे १८२३ मध्ये तो स्वतः ग्रीसला निघाला, ग्रीक आरमारासाठी पदरचे पैसे घातले आणि १९ एप्रिल १८२४ रोजी मिसोलाँघीत तापाने गेला. वय अवघं ३६. या दोघांना एकच शब्द कसा लावायचा? बायरनने ग्रीकांचा कैवार घेतला होता. तेव्हा ‘ग्रीकांचा कैवारी’ म्हणा.

— ‘कैवारी’ बायरनला शोभतं, पण इंग्रज कवी कीट्सचं काय? त्याला ग्रीक येत नव्हतं. चॅपमनच्या इंग्रजी भाषांतरातून होमर वाचला आणि इतका भारावला की त्यावर सुनीतच लिहिलं, तेही १८१६ मध्येच. तो कुणाचा कैवार घ्यायला गेला नाही. त्याला मी ‘ग्रीकवेडा’ म्हणेन. ‘वेडा’ला मराठीत जी माया आहे ती ‘प्रेमी’ला नाही.

— दोन्ही पटलं. एकाच शब्दाला दोन प्रतिशब्द ठेवते, माणूस बघून. अथेन्समध्ये सिंटाग्मा चौकाजवळ ‘फिलेलिनोन’ नावाचा रस्ता आहे, म्हणजे फिलहेलीनांचा रस्ता. तिथे ‘कैवाऱ्यांचा रस्ता’ लिहून पाहिलं. बसतंय.